सॉफ्टवेअर इंजिनिअर की लष्करी उपकरणांची दुरुस्ती: जाहिरात वाचायची कशी, तयारी काय करायची?

दोन_डगरी

इलेक्ट्रॉनिक्स झालंय. सी बऱ्यापैकी येतं, पायथॉन कामापुरतं, सोल्डरिंगचा हात बरा आहे. सध्या दोन प्रकारच्या जागा दिसतायत. एक म्हणजे संरक्षण क्षेत्रातल्या कंपन्यांत सॉफ्टवेअर इंजिनिअर. खाली बारीक अक्षरात एम्बेडेड, व्हेरिफिकेशन, टेस्ट ऑटोमेशन असं काहीबाही. दुसऱ्या जागा रेडिओ, रडार, वाहनांची इलेक्ट्रिकल यंत्रणा, विमानातली उपकरणं यांच्या दुरुस्तीच्या. तिथे टेक्निशियन किंवा मेंटेनन्स इंजिनिअर असं पद लिहिलेलं असतं.

जाहिरात वाचून रोज नेमकं काय करावं लागेल ते कळत नाही. दोन्हीकडे मुलाखतीत काय विचारतात? एकातून दुसरीकडे जाता येतं का? आणि हातात काही महिने असतील तर त्यात काय करावं? "आवड असेल ते करा" हे सोडून उत्तरं द्या, ते घरी रोज ऐकतोय.

ऑममीटर

दुरुस्तीच्या जाहिरातीत पदाच्या नावाकडे बघू नका, दुरुस्तीची पातळी शोधा. बऱ्याच सैन्यदलांत ती ढोबळमानाने तीन पायऱ्यांची असते.

पहिली पायरी म्हणजे उपकरण जिथे वापरात आहे तिथली. सेल्फ-टेस्ट चालवायची, कोणता डबा बिघडलाय ते बघायचं, अख्खा डबा काढून दुसरा बसवायचा आणि नोंद करायची. या डब्याला एलआरयू म्हणतात. दुसरी पायरी म्हणजे मधली कार्यशाळा: डबा उघडून आतलं कार्ड बदलायचं. तिसरी पायरी डेपोची: कार्डावरचा घटक शोधून बदलायचा, पूर्ण ओव्हरहॉल करायचं, कॅलिब्रेशन करायचं.

जाहिरातीत "रिमूव्ह अँड रिप्लेस", "फ्लाइट लाइन", "फील्ड सपोर्ट" असे शब्द असतील तर काम पहिल्या पायरीचं. "कंपोनंट लेव्हल", "बेंच", "रीवर्क", "ओव्हरहॉल" असेल तर तिसऱ्या. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्याने पहिल्या पायरीवर फार वर्षं काढू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. काम कष्टाचं आहे, जबाबदारीचंही आहे, पण सर्किट वाचायची सवय तिथे मोडते. डबा बदलला, दिवा हिरवा झाला, संपलं. उलट पहिल्या पायरीचा थोडा अनुभव असलेला माणूस डेपोत फार उपयोगी पडतो, कारण डबा कुठल्या हालात काम करत होता ते त्याला ठाऊक असतं.

मुलाखतीत थिअरी कमी आणि "आता काय मोजाल?" हे जास्त. एक ठरलेला प्रश्न घ्या. २४ व्होल्टचं वाहन आहे, १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये, दोन्ही चांगल्या, तरी स्टार्टर जेमतेम फिरतो. बहुतेक उमेदवार मल्टिमीटर ओहमवर लावून अर्थ स्ट्रॅप (इंजिन किंवा चासीला बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडणारी पट्टी) तपासतात आणि "शून्य आहे, ठीक आहे" म्हणतात. तिथेच मार्क जातात. ०.०१ ओहम हा अवरोध साध्या मीटरवर शून्यच दिसतो, पण स्टार्टर ४०० अँपिअर ओढत असेल तर तेवढ्यावरच ४ व्होल्ट पडतात. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक प्रोब बॅटरीच्या ऋण टोकावर (क्लॅम्पवर नाही, खुद्द पोस्टवर), दुसरा इंजिन ब्लॉकवर, आणि कुणाला तरी क्रँक करायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की दोष त्या वाटेत आहे. मग प्रोब एकेक जोड पुढे सरकवत जायचं. धन बाजूलाही तसंच. दोन बॅटऱ्यांना जोडणारी मधली केबल लोक हमखास विसरतात.

शून्य_एक

सॉफ्टवेअरच्या बाजूचं मी सांगतो.

या क्षेत्रातल्या "सॉफ्टवेअर इंजिनिअर"च्या जागांपैकी बऱ्याचशा प्रत्यक्षात व्हेरिफिकेशनच्या असतात. नवीन कोड थोडा, रिक्वायरमेंट वाचणं आणि कोड तीच पूर्ण करतो हे कागदावर सिद्ध करणं जास्त. विमानातल्या सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी (२०११) हा दस्तऐवज आहे. त्यात ए ते ई अशा पाच पातळ्या आहेत. बिघाडाने विमानच जाऊ शकत असेल तर ए, काहीच फरक पडत नसेल तर ई. सी पातळीला प्रत्येक विधान चाललेलं दाखवावं लागतं, बी ला प्रत्येक निर्णय दोन्ही बाजूंनी, आणि ए ला एमसी/डीसी, म्हणजे निर्णयातली प्रत्येक अट एकटीने निकाल बदलू शकते हे दाखवायचं. मुलाखतीत "अ आणि (ब किंवा क)" असं देऊन टेस्ट केसेस लिहायला लावतात. सगळ्या जोड्या ८ होतात, पण ४ मध्ये भागतं. कोणत्या ४ आणि का, हे घरी कागदावर करून जा.

बाकी विचारतात ते असं: व्होलाटाइल (व्हेरिएबल दर वेळी मेमरीतूनच वाचायला लावणारा सी मधला शब्द) कधी लावायचं आणि त्याने काय होत नाही (ते लॉक नाही!), इंटरप्टमध्ये प्रिंट का करू नये, वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर यंत्र रीसेट करणारा टायमर) कुठे किक करावा आणि टायमर इंटरप्टमध्ये का करू नये, मिलिसेकंदांचा ३२ बिटी काउंटर किती दिवसांत शून्यावर येतो. उत्तर ४९.७ दिवस. लगेच पुढचा प्रश्न येतो: मग "आत्ता > सुरुवात + १००" ही तुलना का चुकते? "आत्ता - सुरुवात > १००" अशी अनसाइन्ड वजाबाकी लिहिली की काउंटर फिरला तरी उत्तर बरोबर येतं.

हा पुस्तकी खेळ नाही. २५ फेब्रुवारी १९९१ला धहरानमध्ये पॅट्रियट यंत्रणेला येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही, २८ अमेरिकन सैनिक गेले. घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होतं, आणि ०.१ ही संख्या बायनरीत पूर्ण बसत नाही; २४ बिटांत ती तोडल्यावर १०० तास सलग चालू राहिलेल्या यंत्रणेत ०.३४ सेकंदाचा फरक साचला. रडारने क्षेपणास्त्र भलत्याच जागी शोधलं. सॉफ्टवेअरवाले इथेच थांबतात, पण पुढचा भाग दुरुस्तीवाल्यांसाठी जास्त महत्त्वाचा आहे. दोष आधीच लक्षात आला होता आणि "फार वेळ सलग चालवल्यास लक्ष्य सरकू शकतं" असा संदेशही युनिट्सना गेला होता. "फार वेळ" म्हणजे किती तास, ते त्यात नव्हतं. सुधारित सॉफ्टवेअर तिथे पोचलं २६ तारखेला. तुम्ही मेंटेनन्सची सूचना लिहाल किंवा वाचाल तेव्हा त्यात आकडा आहे का ते बघा.

सीमारेषा

वरचे दोन्ही प्रतिसाद बरोबर आहेत, पण दोघांनी प्रश्न "हे की ते" असाच धरला. दोन्ही येणाऱ्या माणसाने मधली जागा धरावी: टेस्ट स्टेशन आणि त्यावर चालणारे टेस्ट प्रोग्रॅम. जाहिरातीत "एटीई" (स्वयंचलित टेस्ट यंत्रणा), "टीपीएस डेव्हलपमेंट", "टेस्ट इंजिनिअर" असं येतं. टीपीएस म्हणजे टेस्ट प्रोग्रॅम, डबा स्टेशनला जोडणारा इंटरफेस अडॅप्टर आणि त्याच्या सूचना, असं तिन्ही मिळून. नुसत्या सॉफ्टवेअरवाल्याला अडॅप्टर जमत नाही आणि नुसत्या बेंचवाल्याला प्रोग्रॅम, त्यामुळे या जागांना माणूस चटकन मिळत नाही. तुमची पात्रता तंतोतंत हीच आहे.

काम कसं असतं ते थोडं तपशिलात सांगतो.

प्रोग्रॅमची सुरुवात पॉवर देऊन करायची नाही. आधी "सेफ टू टर्न ऑन": डब्याच्या पॉवर पिन आणि ग्राउंड यांच्यातला अवरोध मोजायचा. शॉर्ट असेल तर तिथेच थांबायचं. त्यानंतर करंट लिमिट लावून पॉवर, मग आतल्या सप्लाय, मग घड्याळं, मग फंक्शन. क्रम उलटा केला तर एका बिघडलेल्या कपॅसिटरपायी धड कार्डही जळतं.

नवखे अडकतात ते थांबण्याच्या वेळेत. रिले (विजेवर चालणारा स्विच) चालवला की लगेच मोजायचं नाही. कॉन्टॅक्ट काही मिलिसेकंद उसळत राहतो, शिवाय फिल्टरला स्थिर व्हायला वेळ लागतो. प्रोग्रॅमरच्या टेबलावर सगळं पास, दोन महिन्यांनी वेगवान कंट्रोलर बसवला की तीच टेस्ट दहातून एकदा फेल. मग प्रत्येक ओळीनंतर एक सेकंदाचा डिले टाकणारे महाभाग असतात, आणि वीस मिनिटांची टेस्ट दीड तासावर जाते. डिले मोजून टाका आणि कशासाठी टाकला ते कॉमेंटमध्ये लिहा.

दुसरा मोठा विषय मर्यादांचा. खालच्या पायरीच्या मर्यादा सैल आणि डेपोच्या घट्ट असल्या पाहिजेत. उदाहरणार्थ, ट्रान्समीटरची पॉवर ५० वॅट अपेक्षित असेल तर डेपोत ४८च्या वर पास, कार्यशाळेत ४६च्या वर, वापराच्या ठिकाणी ४४च्या वर. हे उलटं झालं, म्हणजे डेपोने ४५ वर पास केला आणि खाली ४६ मागतायत, की तो डबा जन्मभर ये-जा करत राहतो. दोन्हीकडचे लोक एकमेकांना शिव्या देतात आणि दोन्हीकडची मशीनं बरोबर असतात. मोजणाऱ्या उपकरणाची अचूकता मोजायच्या टॉलरन्सच्या निदान चौपट हवी हाही साधा नियम आहे. तेवढी मिळत नसेल तर मर्यादा तितकी आत ओढायची.

आणि "नो फॉल्ट फाउंड". डबा खाली फेल, बेंचवर पास. कारणं नेहमीचीच: थंडीत किंवा कंपनातच दिसणारा दोष, घासून काळी पडलेली कनेक्टरची पिन, किंवा दोष डब्यात नसून हार्नेसमध्ये, म्हणजे डब्यांना जोडणाऱ्या तारांच्या जुडग्यात. १५५३ बसचं, म्हणजे लष्करी विमानांतले डबे ज्या तारेवरून एकमेकांशी बोलतात तिचं, उदाहरण घ्या, कारण ते मुलाखतीतही येतं. वेग १ मेगाबिट, एकच बस कंट्रोलर, जास्तीत जास्त ३१ रिमोट टर्मिनल. प्रत्येक टर्मिनलचा पत्ता ५ बिटांचा असतो आणि बऱ्याच डब्यांत तो हार्नेसच्या कनेक्टरमध्येच जंपर लावून ठरवतात, सोबत एक पॅरिटी पिन, पत्ता बरोबर वाचला का ते ताडून बघायला. जमिनीला जोडलेली पिन शून्य, मोकळी पिन एक. यातली एक पिन आत सरकली तर पत्त्यातला एक बिट पालटतो, पॅरिटी जुळत नाही आणि टर्मिनल चूपचाप गप्प बसतं. डबा बदला, नवाही गप्प. तिसरा बदला, तोही गप्प. तीन धड डबे डेपोत "बिघडलेले" म्हणून पोचतात. आधी पॅरिटीसकट पत्त्याच्या सहाही पिना मीटरने मोजल्या असत्या तर दहा मिनिटांचं काम होतं.

एकच गोष्ट कानावर असू द्या: टेस्ट स्टेशनवर जुनं सॉफ्टवेअर सांभाळावं लागतं. ॲटलास या जुन्या टेस्ट भाषेतले प्रोग्रॅम, मोजणीची उपकरणं संगणकाला जोडणाऱ्या जीपीआयबी केबली, सपोर्ट संपलेल्या ऑपरेटिंग सिस्टिम. नेटला जोडलेलं काहीच नसतं. ताज्या फ्रेमवर्कची हौस असेल तर चिडचिड होईल.

शून्य_एक

@सीमारेषा, पटलं, पण थोडी पुस्ती. टेस्टमध्ये गेलेल्याला नंतर डेव्हलपमेंटमध्ये घेताना "याने फक्त स्क्रिप्ट लिहिल्या" असं म्हटलं जातं. त्यामुळे तिथे असलात तरी ड्रायव्हर, प्रोटोकॉल पार्सर असं काहीतरी सी मध्ये स्वतः लिहीत राहा, आणि व्हर्जन कंट्रोल, कोड रिव्ह्यू ही शिस्त नसेल तर तुम्ही आणा.

दोन_डगरी

@सीमारेषा, हे पद मी दर वेळी वगळत होतो, "टेस्ट" वाचून मॅन्युअल टेस्टिंग वाटायचं. मग दाखवण्यासारखं काय करू? एवढी महागडी उपकरणं घरी कुठून आणणार?

सीमारेषा

१५५३ घरी नको, कॅन बस घ्या, म्हणजे वाहनांतले डबे दोन तारांवर बोलतात ती. लष्करी वाहनांतही जे१९३९ हा अवजड वाहनांचा संदेश-प्रोटोकॉल चालतो आणि तो कॅनवरच आहे. लागतं ते एवढंच: कॅन असलेले दोन मायक्रोकंट्रोलर बोर्ड, दोन ट्रान्सीव्हर मॉड्यूल, १२० ओहमचे दोन रेझिस्टर, पिळाच्या तारेची दीड-दोन मीटर जोडी (एक तार हाय, दुसरी लो), चार चॅनलचं रिले बोर्ड आणि संगणकाला आकडे देणारा मल्टिमीटर.

बसच्या दोन टोकांना एकेक रेझिस्टर, त्यालाच टर्मिनेटर म्हणतात. रिले वापरून चार दोष मुद्दाम घालायचे: एक टर्मिनेटर तोडणे, हाय तार उघडी, हाय-लो शॉर्ट, लो जमिनीला. पायथॉन स्क्रिप्टने आधी बसची पॉवर बंद करून हाय-लोमधला अवरोध मोजायचा. ६० ओहम म्हणजे ठीक, १२० म्हणजे एक टर्मिनेटर गेला, शून्याजवळ म्हणजे शॉर्ट. मग पॉवर देऊन जमिनीपासूनचे व्होल्टेज: बस शांत असताना दोन्ही तारा २.५च्या आसपास. शेवटी एका नोडने (बोर्डने) १,००० फ्रेम, म्हणजे संदेश, पाठवायच्या आणि दुसऱ्याने किती मिळाल्या ते मोजायचं. निकाल नुसता पास-फेल नको. "बहुधा अमुक दोष, आधी हे तपासा" असा हवा.

अडचण कुठे येते ते आधीच सांगतो. बऱ्याच तयार मॉड्यूलवर १२० ओहम आधीच सोल्डर केलेला असतो. तुम्ही बाहेरून आणखी दोन लावलेत की चार समांतर होऊन ३० दिसतात, आणि टर्मिनेटर तोडल्यावर ४०. मॉड्यूलवरचे काढा. पॉवर चालू ठेवून ओहम मोजलेत तर आकडा निव्वळ कचरा असतो. मीटरच्या लीडचा अवरोध आधी वजा करा. आणि रिले चालवल्यावर ५० मिलिसेकंद थांबा.

सोबत चार पानांचा कागद करा: जोडणीचं चित्र, प्रत्येक टेस्टची मर्यादा आणि ती मर्यादा का, दोष आणि निदान यांचं कोष्टक. मुलाखत घेणारा कोडपेक्षा हे कोष्टक आधी बघेल. संरक्षणातलं खरं काम बाहेर दाखवता येत नाही, त्यामुळे नोकरी लागल्यावरही असा स्वतःचा एखादा नमुना हाताशी असलेला बरा.

ऑममीटर

हाताच्या परीक्षेचं राहिलं. डेपोच्या जागांना बहुतेक वेळा प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं, आणि तिथे सॉफ्टवेअरवाले पडतात.

क्रिंप: गोल मल्टिपिन कनेक्टरच्या कॉन्टॅक्टला तार दाबायला देतात. पकडीवर योग्य पोझिशनर लावून सिलेक्टर तक्त्यानुसार ठेवायचा, डोळ्याच्या अंदाजाने नाही. इन्सुलेशन सोलताना एकही तंतू तुटता कामा नये. क्रिंपनंतर कॉन्टॅक्टच्या बारीक भोकातून तार दिसली पाहिजे. नाही दिसली तर ती पूर्ण आत गेलेली नाही, कापून नवा कॉन्टॅक्ट. कनेक्टरमध्ये घातल्यावर हलकेच ओढून बघा. पिन मागे सरकण्याचे जे दोष वर सांगितलेत त्यांचा जन्म इथेच होतो.

सोल्डर: जुनी लष्करी कार्डं शिसं-कथिलाची असतात, ६३-३७ मिश्रण १८३ अंशांना वितळतं. शिसं नसलेलं २१७च्या वर. कार्डावर काय आहे ते कागदपत्रात बघितल्याशिवाय सरमिसळ करू नका. ग्राउंड प्लेनला जोडलेलं भोक साफ करायला टोकाची उष्णता वाढवत नेलीत तर पॅड उचलला जातो. त्याऐवजी अख्खं कार्ड खालून आधी गरम करायचं. कार्डावर संरक्षक लेप असेल तर तो कोणता ते आधी ओळखा: ॲक्रिलिक सॉल्व्हंटने निघतो, पॅरिलीन निघत नाही, आणि युरेथेन सोल्डरिंग आयर्नने जाळलात तर त्याचा धूर छातीला घातक.

मनगटाच्या अँटिस्टॅटिक पट्टीत १ मेगाओहमचा रेझिस्टर का असतो हा प्रश्न येतोच. पुढचा जास्त खुबीचा: ही पट्टी कधी काढायची? चालू उच्चदाबाच्या बेंचवर काम करताना. रडारच्या मॉड्युलेटरसारख्या ठिकाणी पॉवर बंद करून, ग्राउंड स्टिकने रेझिस्टरमधून कपॅसिटर रिकामा करायचा आणि शॉर्ट तिथेच लावून ठेवायचा. काढलात तर डायइलेक्ट्रिकमधला उरलेला चार्ज पुन्हा व्होल्टेज वर आणतो. आरएफ पॉवर ट्रान्झिस्टरच्या पांढऱ्या सिरॅमिकला कानस लावू नका. जुन्या भागांत ते बेरिलियम ऑक्साइड असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही.

आणि हत्यारं मोजून घ्या, मोजून परत ठेवा. परीक्षक मुद्दाम स्क्रूड्रायव्हरचा एखादा बिट कार्डाखाली सरकवून ठेवतात आणि तुम्ही "काम झालं" म्हणता का ते बघतात.

मंदगती

अर्ज करणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. पार्श्वभूमी तपासणी कोण करतं आणि ती पूर्ण होईपर्यंत काय काम देतात. तिला महिने लागू शकतात आणि तोवर काही ठिकाणी नुसतं मॅन्युअल वाचत बसवतात. दुसरं, कंत्राट कोणत्या उपकरणाशी बांधलेलं आहे. ते उपकरण सेवेतून निघालं की जागाही जाते. मागच्या नोकऱ्यांच्या तारखा, पत्ते, परदेश प्रवास यांची यादी आत्ताच नीट करून ठेवा. फॉर्ममध्ये दोन ठिकाणी दोन तारखा पडल्या की फाइल अडकते.

दोन_डगरी

बेंच जोडायला घेतलाय. मॉड्यूलवरचे रेझिस्टर काढले, आता ६० येतात, बस शांत असताना दोन्ही तारा २.५ वर, तरी एकही फ्रेम पलीकडे पोचत नाही. पाठवणारा नोड एरर काउंटर वाढवत बस-ऑफ होतो, म्हणजे बसवरून स्वतःच बाजूला होतो.

सीमारेषा

दोन्ही नोडचे वेग जुळतायत का ते बघा, आणि बोर्डावरचा क्रिस्टल किती मेगाहर्ट्झचा आहे ते वरचं छापील वाचून खात्री करा. लायब्ररी १६ धरते आणि बोर्डावर ८ असतो, मग तुमचे २५० किलोबिट प्रत्यक्षात १२५ होतात. तसंच दुसरा नोड लिसन-ओन्ली (नुसता ऐकायच्या) मोडमध्ये तर नाही ना? पोचपावतीचा बिट कुणीच दिला नाही तर पाठवणारा तीच फ्रेम पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. मात्र नुसत्या पोचपावतीअभावी काउंटर १२८ला अडकतो आणि नोड एरर-पॅसिव्ह (चुका मोजूनही बसवरच) राहतो, बस-ऑफ होत नाही. तुमचा बस-ऑफपर्यंत जातोय म्हणजे आधी क्रिस्टल. आणि हा दोष पाचवा म्हणून कोष्टकात घाला.